भाकरीची आठवण आणि भुकेची आठवण

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल गाडी पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. नाव ऐकून खेड्यातल्या माणसाला टाळ-मृदंग आठवेल. प्रत्यक्षात इथे माणसांची दाटी आहे, रिक्षांची रांग आहे, एस. टी. चे आगार आहे. कल्याण पूर्वेची वस्ती आणि उल्हासनगरचे कॅम्प इथे एकमेकांना येऊन भिडले आहेत. रविवारी दुपारी बाराच्या सुमारास या गल्ल्यांतून एक फेरी मारलीत, तर दोन वास तुम्हांला भेटतील. एका घरातून तेलात खरपूस भाजलेल्या बेसनाचा आणि हिंग-मेथीच्या फोडणीचा वास येईल. तिथे सिंधी कढी शिजत असते. जवळच्याच चाळीतून तव्यावरच्या भाकरीचा वास येईल. ते घर सातारा-सांगलीकडचे असेल, नगर-बीडकडचे असेल, नाहीतर खानदेशातले असेल.

दोन्ही घरांतल्या माणसांनी आपापला मुलूख मागे टाकला आहे. घर सुटले, शेत सुटले, बोलीचा हेलसुद्धा पोरांच्या तोंडून जवळजवळ गेला. पण पातेल्यातला पदार्थ सुटला नाही. माणसे आपला गेलेला काळ अन्नात कसा जपून ठेवतात, आणि जपलेला तो काळ पुढे राजकारणात कसा वाढला जातो, याविषयी आज आपल्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. विषय स्वयंपाकघरातला वाटेल, पण तो चावडीपर्यंत आणि थेट मंत्रालयापर्यंत जातो, बरं का!

प्रथम त्या कढीचे पाहू. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ सैन्यासाठी मोठी छावणी उभारली होती. युद्ध संपले, बराकी रिकाम्या पडल्या. १९४७ साली देशाची फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल यांचे दोन-दोन तुकडे झाले. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूला सरहद्द ओलांडून आपल्याच प्रांताच्या दुसऱ्या भागात जाण्याची सोयच उरली नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि त्यानंतर माणसांचा लोंढा आगबोटींनी मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागला. त्यांतील जवळजवळ एक लाख माणसांची सोय कल्याणच्या या बराकींत करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नाव उल्हासनगर असे ठेवले गेले. तरीसुद्धा लोकांच्या तोंडी आजही 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असेच येते. छावणी गेली, पण छावणीचा नंबर राहिला.

ही माणसे स्वतःला शरणार्थी म्हणवून घ्यायला तयार नव्हती. आम्ही पुरुषार्थी, असे ती सांगत. बायकांनी पापड लाटले. पुरुषांनी, पोरांनी आगगाडीच्या डब्यांतून गोळ्या-बिस्किटे विकली. एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून अनेक कुटुंबे राहत. अशा जागी एखादी बाई सणावाराला कढी करते, तेव्हा ती काय करत असते? ही कढी आपल्या ताकाच्या कढीसारखी नव्हे. बेसन भाजून, त्यात पाणी घालून, शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार, बटाटा असे सारे घालून ती शिजवतात, आणि कुठे चिंचेने तर कुठे आमसुलाने आंबट करतात. तिच्याबरोबर साधा भात. शिवाय पालक आणि हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवून केलेली सई भाजी, कांदा घालून केलेली जाड कोकी, सकाळच्या न्याहारीला डाळ-पकवान, आणि कमळाचे देठ, ज्यांना ते 'भे' म्हणतात. सिंधमधल्या तळ्यांचे ते देठ इथल्या बाजारात शोधून आणायचे, धुऊन त्यातला चिखल काढायचा आणि मग शिजवायचे. हा खटाटोप केवळ पोट भरण्यासाठी कोणी करील का? जो गाव पुन्हा दिसणार नाही, त्याची ओळख पोरांना करून देण्याची ही रीत होती. पोराच्या हाती नकाशा देण्यापेक्षा तोंडी घास देणे सोपे.

आज त्या घरांत तिसरी-चौथी पिढी आहे. तिने सिंधू नदी पाहिलेली नाही. पण 'आमच्याकडे रविवारी कढी असते' असे ती अभिमानाने सांगते. या आठवणीने राजकीय रूपही घेतले. ज्या भाषेला देशात स्वतःचा प्रांत नाही, ती सिंधी भाषा १० एप्रिल १९६७ रोजी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. पुढे राष्ट्रगीतातून 'सिंध' हा शब्द काढावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. ती न्यायालयाने २००५ साली फेटाळली. आठवणीने इथे कोणाचे काही हिसकावून घेतले नाही. आपली जागा काय ती मागितली, आणि मिळवली.

पण इथेच एक सावधगिरीची गोष्ट ध्यानात घ्यावी. सिंधमधून आलेले हिंदू बहुतांशी शहरांतले, व्यापारातले आणि सरकारी नोकरीतले होते. त्यांच्या आठवणीतला सिंध पकवानाचा आणि कमळाच्या देठांचा. त्याच सिंधमध्ये जमीनदाराच्या शेतावर अर्धेलीने राबणारा हारी होता. आणि त्याच्या ताटातला सिंध निराळा होता. म्हणजे आठवण खोटी नसते, पण ती आपल्या चुलीपुरती असते. घरोघरी मातीच्या चुली हे खरे. पण प्रत्येक चुलीवर एकच शिजत नव्हते, हेही तेवढेच खरे.

आता दुसऱ्या घराकडे वळू. भाकरीच्या.

कल्याण-डोंबिवलीकडे घाटावरून माणसे आली त्यामागे कारणे पुष्कळ आहेत. गिरण्या होत्या, कारखाने होते, रेल्वे होती. पण जुन्या माणसांशी बोलायला बसा, एक साल हटकून निघते: बहात्तर. १९७०, १९७१ हे पावसाळे कमी पडले होते, १९७२ चा तर पार कोरडा गेला. विहिरी आटल्या, जनावरे दावणीला मेली, नाहीतर मातीमोल विकली गेली. सरकारने दुष्काळी कामे काढली. खडी फोडणे, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. मे १९७३ मध्ये या कामांवर राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे होती. एवढ्या मोठ्या प्रमाणावर माणसांना काम देऊन दुष्काळात जगवल्याची उदाहरणे जगात थोडी. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे रस्त्याच्या कडेला मेली होती; १९७२ मध्ये तसे झाले नाही, ही या राज्याची कमाई म्हटली पाहिजे.

त्या काळचे अन्न कोणते? एक मिलो आणि दुसरी सुकडी. मिलो म्हणजे परदेशातून, मुख्यतः अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी अनेकांच्या घशाखाली उतरत नसे. ही ज्वारी तिकडे जनावरांना घालतात, असे लोक बोलत. आणि ते बोलणे निराधार नव्हते, कारण अमेरिकेत ज्वारी मुख्यतः गुरांच्या चाऱ्यासाठीच पिकवतात. 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण ज्या पिढीने नुसती पाठ केली नाही तर खाऊन पाहिली, ती ही पिढी. सुकडी कामावरच्या मजुरांना आणि मुलांना मिळे. आज सत्तरीला टेकलेला एखादा गृहस्थ सांगतो, 'सुकडी मात्र गोड लागायची हो!' त्याच्या डोळ्यांत अगदी लहान मूल दिसते. तो खोटे बोलत नाही. पंधरा वर्षांच्या भुकेल्या पोराला ती गोडच लागली असणार. पण त्याच खड्यांवर बसलेल्या त्याच्या आईला विचारता आले असते, तर ती सुकडीविषयी काय बोलली असती? ती कदाचित हाताच्या फोडांविषयी बोलली असती.

चव आपोआप लक्षात राहते. भूक मुद्दाम लक्षात ठेवावी लागते. आजच्या भाषणाचे सार एवढेच समजा.

महाराष्ट्राने भूक लक्षात ठेवली होती, याचा एक पुरावा शिक्षक बंधुभगिनींनो, दर महिन्याला आपल्या हाती पडतो. पगाराचे पत्रक काढून पाहा. त्यात व्यवसाय कर म्हणून २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० रुपये. हा कर १९७५ च्या कायद्याने आला, आणि रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणे हा त्यामागचा हेतू होता. वि. स. पागे यांनी जिच्यासाठी आग्रह धरला, ती ही योजना. हात चालवायला तयार असलेल्या माणसाला काम देणे ही सरकारची जबाबदारी, असे त्यांचे म्हणणे. दुष्काळात योजनेला आकार आला, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या पगारदाराने कर द्यायचा आणि खेड्यातल्या मजुराला काम मिळायचे, असा हा करार होता. पुढे २००५ साली केंद्र सरकारने साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. मिलोची कडू आठवण कायद्यात उतरली. आठवणीचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.

आता यापुढची पायरी. काही वर्षांनी हीच भाकरी निवडणुकीच्या मैदानात आली. १९९५ साली राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना सुरू झाली. ही कल्पना लोकांच्या मनाला एवढी का भिडली? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांतल्या कित्येकांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. कोकणातून, घाटावरून येऊन खानावळीत जेवणारा, गावाकडे मनिऑर्डर धाडणारा तो मराठी कामगार शहरात परका होऊ लागला होता. अशा वेळी 'झुणका-भाकर' हा शब्द नुसता पदार्थाचा राहत नाही. गावची शिदोरी, फडक्यात बांधलेली आईच्या हातची भाकरी आणि 'हे शहर आमचे होते' ही भावना, असे सगळे त्या दोन शब्दांत येऊन बसते. स्वस्त अन्नाची गरज खरी होती. पण लोकांनी हातात घेतली ती भाकरी आणि मनात घेतली ती आठवण.

पुढे काय झाले ते आपण पाहिले आहे. एक रुपयात भाकरी परवडेना. अनुदानावर योजना तगून होती. सरकार बदलले, अनुदान आटले. केंद्रांसाठी मोक्याच्या जागा मात्र दिल्या गेल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळ टपऱ्यांवर वडापाव आणि इतर पदार्थ विकले जाऊ लागले. पाटीवर झुणका-भाकर आणि कढईत नूडल्स, असेही दृश्य लोकांनी पाहिले. भाकरी कोठे गेली, याचा जाब फारसा कोणी विचारला नाही. कारण आठवण पुरवून झाली होती. याउलट २६ जानेवारी २०२० रोजी उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन पोळ्या, एक भाजी, भात आणि वरण. तिचेही नाव इतिहासातून घेतले होते. परंतु तिची खरी परीक्षा करोनाच्या टाळेबंदीत झाली. तेव्हा थाळी पाच रुपयांना आणि काही काळ फुकट मिळाली. हातावर पोट असलेल्या माणसाच्या लेखी तेव्हा नावाला महत्त्व नव्हते, वरणाला होते. कोणतेही सरकार असो, कोणताही पक्ष असो, अन्नाच्या योजनेला एकच प्रश्न विचारावा: आठवण वाढता आहात की जेवण?

हा प्रश्न आपलाच आहे असे मात्र नाही. क्षणभर चीनकडे पाहू, कारण आपल्याकडे जे छोट्या आकारात दिसते ते तिथे फार मोठ्या आकारात घडले.

चीनमध्ये १९५८ साली गावोगाव कम्यून झाले. घरच्या चुली बंद करून सार्वजनिक भोजनशाळा उघडल्या गेल्या. पोटभर जेवा, पैसे नकोत, असे सांगण्यात आले. काही महिने लोक खरोखरीच पोटभर जेवले. मग धान्य संपले. पिकाचे खोटे फुगवलेले आकडे वर गेले होते आणि त्या आकड्यांच्या हिशेबाने सरकारने गावातले धान्य उचलले होते. १९५९ ते १९६१ या काळात तिथे जो दुष्काळ पडला, त्यात किती माणसे दगावली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. इतिहासातला हा सर्वांत मोठा दुष्काळ मानतात.

त्यानंतर थोड्याच वर्षांत तिथल्या सरकारने एक उपक्रम चालवला. त्याला आपण कडू दिवसांचे जेवण म्हणू. शाळांतून, कारखान्यांतून, गावांतून सभा भरवायच्या. कोंडा आणि रानपाला यांचे गोळे करून सर्वांनी खायचे. आणि क्रांतीपूर्वी, म्हणजे १९४९ च्या आधी, गरिबाचे कसे हाल होते ते म्हाताऱ्यांनी उठून सांगायचे. म्हणजे आजचे दिवस गोड वाटावेत. उपक्रम नीट योजलेला होता. पण अडचण अशी होई की एखादा म्हातारा शेतकरी उभा राही आणि भुकेची खरीखुरी हकीकत सांगू लागे. आणि ऐकणाऱ्यांच्या ध्यानात येई की हा १९४९ च्या आधीचे सांगतच नाही, हा १९६० सालचे सांगतो आहे! त्या सभांना बसलेल्या लोकांनी अशा हकीकती नमूद करून ठेवल्या आहेत. श्रोतेहो, यात हसण्यासारखे आहे आणि डोळे पुसण्यासारखेही आहे. त्या म्हाताऱ्याला कोणते साल आठवायचे ते सांगितलेले होते. पण त्याच्या पोटाला तारीख कळत नव्हती.

गोष्ट इथे संपत नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत चीनमधल्या शहरांतली सुमारे १ कोटी ७० लाख तरुण मुले शेतावर राबण्यासाठी खेड्यांत पाठवली गेली. मक्याचे कोरडे उंडे आणि रानभाजी हे त्यांचे अन्न. ती मुले चाळिशीला आल्यावर, १९९० च्या सुमारास, बीजिंगसारख्या शहरांत निराळीच हॉटेले निघाली. भिंतींवर त्या काळच्या घोषणा, वाढणाऱ्यांच्या अंगावर त्या काळचे गणवेश, आणि ताटात तेच मक्याचे उंडे. पण आता चांगले दाम मोजून! ज्या अन्नाने त्यांची तारुण्याची वर्षे करपली, तेच अन्न ती माणसे हौसेने का खात असतील?

एक कारण सोपे आहे. माणसाला मका हवा नसतो, विशी हवी असते. दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. १९९३ साली चीनमधली धान्याची कूपने बंद झाली. बाजार भरले. पण त्याच दशकाच्या अखेरीस सरकारी कारखाने बंद पडू लागले आणि कोट्यवधी कामगारांच्या कायम नोकऱ्या गेल्या. कायम नोकरीला तिकडे 'लोखंडी वाडगा' म्हणत, म्हणजे न फुटणारा. तो फुटला. मग माणसाला वाटू लागले की जुन्या काळी ताटात कमी होते, पण सर्वांच्या ताटात सारखेच होते. हे पूर्ण खरे नव्हते. शहरातल्या आणि खेड्यातल्या ताटांत तेव्हाही मोठे अंतर होते. तरी त्या म्हणण्यात आजच्याबद्दलची एक तक्रार लपलेली आहे. जुना काळ बरा होता असे कोणी म्हणाले, की त्याच्याशी हुज्जत घालण्याआधी विचारावे: बाबा, आज तुझे काय दुखते आहे?

आता पुन्हा आपल्या भाकरीकडे येऊ. आपल्याकडे 'जुन्या काळी घरोघर कशी गरम भाकरी, कसा गावचा गोडवा' असे बोलण्याची पद्धत आहे. व्याख्यानांतून ते कानी पडते, हॉटेलांच्या पाट्यांवरही दिसते. त्यात गोडवा होता यात शंका नाही. पण एक भाकरी अशीही होती की जी गावकीच्या कामाचा मोबदला म्हणून महार समाजाच्या माणसाला दारोदार फिरून, अंगणाबाहेर उभे राहून मागून आणावी लागे. बहुधा ती शिळी असे आणि वरून टाकली जाई. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तो पाण्यासाठी होता हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे-शिळे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस यांचा त्याग करा, असेही आपल्या लोकांना सांगितले होते. पोट अर्धे राहिले तरी चालेल, पण मान ताठ राहू द्या, हा त्याचा अर्थ. पुढे १९५८ साली कनिष्ठ गाव-वतने नष्ट करणारा कायदा झाला. आता सांगा, 'गावची ती भाकरी' म्हटल्यावर या दोन घरांत एकच आठवण जागी होईल काय? एकाला आईचा हात आठवेल, दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर उभा राहिलेला बाप आठवेल. गावाची आठवण म्हणून सांगायची असेल तर दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

आणि आजचा प्रकार तर आणखी वेगळा. १९७२ नंतर आपण धान्यात स्वयंपूर्ण झालो. परंतु ती वाढ मुख्यतः गहू-तांदळाची. रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ मिळू लागले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असा दर ठरवला. जानेवारी २०२३ पासून तर हे धान्य मोफत झाले. पण दुकानात बहुधा गहू-तांदूळच येतात. शेतातली ज्वारीही कमी झाली आणि बाजारात ती गव्हापेक्षा महाग झाली. परिणामी गरिबाच्या घरी पोळी आली, आणि ज्वारी-नाचणीची भाकरी शहरातल्या हॉटेलात 'गावरान' म्हणून दाम मोजून मिळू लागली. २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हा भाकरीचे गुणगान आपण पुष्कळ ऐकले. गुणगान ऐकून घ्यावे. पण ज्वारी पिकवणाऱ्याला भाव आणि खाणाऱ्याला रास्त दर, यांशिवाय ते गुणगान म्हणजे त्या चिनी हॉटेलातल्या भिंतीवरची घोषणा.

शिक्षक मित्रहो, मी महाविद्यालयात शिकवतो. मुलांना दुष्काळाची सनावळी पाठ असते. पण आपल्याच आजीने त्या साली काय खाल्ले, हे त्यांनी विचारलेले नसते. १९७२ साली पंधरा वर्षांचे असलेले लोक आज सत्तरीच्या घरात आहेत. फाळणी पाहिलेले तर फार थोडे उरले. ही माणसे गेली म्हणजे चव तेवढी राहील, भूक जाईल. म्हणून आपल्या शाळेत एक साधे काम करून पाहा. वही पेन्सिलीखेरीज त्याला काही लागत नाही. प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला पाच प्रश्न विचारायचे. अडचणीच्या वर्षी चुलीवर काय शिजत होते? ते धान्य कोठून आले आणि त्यासाठी काय द्यावे लागले? घरात सर्वांत शेवटी कोण जेवत असे, आणि तिच्या वाट्याला काय उरत असे? गावात कोणाच्या पंगतीला कोणाला बसू देत नव्हते? आणि शेवटचा प्रश्न: त्या काळातले काय परत यावे, आणि काय कधीही परत येऊ नये?

उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्यावीत, त्या माणसाच्या बोलीत. सुधारू नयेत, साल जुळवून घेऊ नयेत. एकाच गावातल्या तीस घरांची तीस पाने झाली, की मुलांना आपोआप कळेल की आठवण एक नसते. मग व्यासपीठावरून कोणी 'आपला सुवर्णकाळ' म्हणून एखादे ताट पुढे केले, तर ती मुले ताट नाकारणार नाहीत, पण विचारतील जरूर: यात कोणाचा वाटा होता, आणि कोणाचा नव्हता?

एक गोष्ट सांगून पुरे करतो. १९९५ साली देशात शालेय पोषण आहाराची योजना आली. आरंभी मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि त्यानंतर शाळेतच शिजवलेले अन्न मिळू लागले. आपल्या खेड्यांत तिला सगळे खिचडी म्हणतात. ती कधी पातळ असते, कधी करपते, कधी तिच्या धान्यात खडे निघतात. त्याबद्दल तक्रार केलीच पाहिजे. पण एका पंगतीत, एका पातेल्यातले, सगळ्यांनी मिळून खायचे, हे आपल्या गावांत सहज घडत नव्हते. आज ते रोज दुपारी घडते. आणखी पन्नास वर्षांनी ही मुले म्हातारी होतील आणि म्हणतील, 'शाळेतली खिचडी काय लागायची!' त्यांना कोणी विचारले, 'पण पंगतीत सगळे बसत होते ना?' तर त्यांना न अडखळता 'हो' म्हणता यावे. ते आजच्या दुपारच्या पंगतीवर ठरते, आणि ती पंगत आपल्या हाती आहे.